गुळगुळीत नळीची रायफल

प्रतापरावांनी रायफल विकत घेतली, तेव्हा ती ओळखायचं काम खरं तर माझ्याकडे यायला नको होतं. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नव्हती. जत्रेतली फुगे फोडायचीसुद्धा नाही. एकदा पैसे देऊन उभा राहिलो होतो, पण मागे रांग वाढली तशी माझी पाळी मागच्याला दिली आणि बाजूला झालो.

चूक माझीच. पुण्यात मी एका कोशाच्या कचेरीत होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या नोंदी तपासायच्या, सनावळ्या जुळवायच्या, शंका असेल तिथे ‘असावे’ घालायचं, एवढंच माझं काम. ‘बंदूक’ ही नोंद एका निवृत्त कर्नलसाहेबांनी लिहिली होती. मी तिच्यात दोन ठिकाणी ‘असावे’ घातलं. त्यांनी त्यातलं एक रागाने खोडलं. हे मी कधीतरी गप्पांच्या ओघात प्रतापरावांना सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि नॉर्थ यॉर्कमधल्या यच्चयावत मराठी माणसांना सांगितलं की शरदरावांनी बंदुकीवर लिहिलंय. मी खुलासा करायचा प्रयत्न केला. तो लोकांनी विनय म्हणून घेतला. त्यातून मी निवृत्त झालो तेव्हा आमचा कोश ‘म’पर्यंत आला होता. त्यापुढचं माझं जरा कच्चंच आहे, आणि रायफल ‘र’मध्ये येते.

प्रतापराव जगताप साताऱ्याकडचे. सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून कॅनडात आले, पूल बांधले, निवृत्त झाले. मी आलो पत्नी गेल्यानंतर, मुलाकडे. परीक्षित आणि सूनबाई भले आहेत. संध्याकाळी दोघं विचारतात, “बाबा, चहा घेतला का? बाबा, औषध घेतलं का?” मी हो म्हणतो. पण ज्याला प्रश्न म्हणावा तसा प्रश्न या देशात मला एकच माणूस विचारायचा. दर शनिवारी सकाळी प्रतापरावांची गाडी आमच्या बिल्डिंगखाली लागायची. आधी लायब्ररी, मग कॉफी, आणि रस्ताभर त्यांचं चालू असायचं. “शरदराव, तंबाखू आपल्याकडे आली कुठून हो?” “शरदराव, हे देवगिरीचं नाव दौलताबाद कोणी केलं?” मी चाचरत, दोन शक्यता सांगून, तिसरी राखून ठेवून उत्तर द्यायचो. ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत ऐकायचे आणि म्हणायचे, “अस्सं!” त्या ‘अस्सं’साठी मी आठवडाभर वाचन करत असे. मला दुसरा मित्र नव्हता, आणि या वयात, या हवेत, नवा कुठून मिळणार?

रायफल आली २००९च्या उन्हाळ्यात. पीटरबरोच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पश्चात त्याच्या मुलींनी घरातलं सामान विकायला काढलं होतं. प्रतापराव तिथे शिडी बघायला गेले होते. त्यांच्याकडे लायसन्स होतं, कारण आदल्या वर्षी नॉर्बर्टच्या नादाने त्यांनी बंदुकीचा कोर्स केला होता. नॉर्बर्ट तुस्कानो वसईचा. बँकेतून निवृत्त होऊन स्कारबरोला राहायचा आणि दर हिवाळ्याआधी हरणाच्या मागे जंगलात जायचा. हरीण कधी आणलेलं ऐकिवात नाही. रीतसर नोंदणी वगैरे झाल्यावर प्रतापरावांनी आम्हा दोघांना बेसमेंटमध्ये बोलावलं.

रायफल टेबलावर जुन्या चादरीवर ठेवलेली होती. ती मला अर्धवट वाटली. चित्रांत अशा लष्करी रायफलींना टोकापर्यंत लाकूड असतं. हिचं लाकूड मध्यावरच कापलेलं, नळी पुढे उघडीवाघडी. दस्त्यावर कोणीतरी टेबलखुर्चीला लावतात तसलं व्हार्निश फासलं होतं. बाकी सगळ्या लोखंडावर जाड काळा रंग.

“बघा,” प्रतापराव म्हणाले आणि टॉर्च धरला. बोल्टच्या, म्हणजे मागच्या सरकत्या खिट्टीच्या, खाली, दस्ता सुरू होतो तिथल्या पट्टीवर, मुकुटाचा ठसा, त्याखाली इंग्रजीत ‘ईशापूर’, त्याखाली १९४२.

“ईशापूर म्हणजे बंगालमधला कारखाना ना, शरदराव?”

“हो. म्हणजे, बहुतेक तोच. दुसरं ईशापूर असेल तर मला माहीत नाही.”

“बेचाळीस साली बाबा मराठा पलटणीत भरती झाले. तिथून इटली. हीच बनावट त्यांच्या हातात होती. फोटो आहे माझ्याकडे.” “ईशापूरहून इटली, इटलीहून इथे पीटरबरोच्या कोठारात. आणि मी शिडी बघायला जातो! याला काय म्हणायचं?”

“याला म्हणायचं शिडी राहिली,” नॉर्बर्ट म्हणाला. “वहिनी अजून पंखे पुसायला खुर्चीवरच चढतात.”

“तू गप रे. तपास तू, हात लावायचं लायसन्स आहे तुला.”

नॉर्बर्टने बोल्ट काढला, नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून मागून आत पाहिलं. मग मला पाहू दिलं. आत चकचकीत गोल उजेड दिसला, धुतलेल्या पेल्याच्या तळासारखा. रायफलच्या नळीत आतून वळत जाणाऱ्या खाचा असतात. त्या गोळीला फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. रायफल हे नावच त्या खाचांवरून पडलं. इथे खाच एकही नव्हती.

“झिजलीय,” नॉर्बर्ट म्हणाला. “टोटली. काय मारलं असेल हिने!”

“लढाईत झिजली!” प्रतापराव म्हणाले.

मग मॅगझिन उघडलं. दहा गोळ्यांची ती पेटी. तिच्या आत लाकडाचा ठोकळा बसवलेला निघाला. एका वेळी एकच काडतूस वरून भरता येईल, खाली साठा राहणार नाही असा.

“शेतकऱ्याचे उद्योग,” नॉर्बर्ट म्हणाला.

“आघाडीवरची दुरुस्ती,” प्रतापराव म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं की हा ठोकळा फार नीट बसवलाय. घाईत, खंदकात किंवा गोठ्यात, असा बसत नाही. पण मला सुतारकामातलं तरी काय कळतं? मी म्हणालो, “बघावं लागेल.”

“हां, बघा! अगदी मुळापासून बघा. या वर्षी खंडेनवमीला आपण हिची पूजा करायची. आत्तापर्यंत काय पुजलं आम्ही? ड्रिल मशीन, स्नो शोव्हल आणि विंटर टायर्स. साताऱ्याच्या माणसाची लाज वाटते. या वेळी पंचवीस-तीस लोक बोलवायचे आणि तुम्ही दोन शब्द बोलायचे. आणि किंमत पण काढा. इन्शुरन्सवाल्याला सांगायला हवी. पाच हजार तरी असेल ना?”

“डॉलर?” मी विचारलं.

“मग काय रुपये?”

किंमत आधी कळली, कारण तिला वाचन लागत नाही. नॉर्बर्ट आम्हाला ओळखीच्या एका दुकानात घेऊन गेला. दुकानदार दाढीवाला, मोठ्या पोटाचा, बोलायला गोड. त्याने रायफल उचललीसुद्धा नाही, नुसती नजर टाकली. अशा हजारोंनी आल्या होत्या, तो म्हणाला. लढाईनंतर लष्कराने काढून टाकलेला माल, टपालाने मागवा आणि घरी आणा, इतका स्वस्त. मग शिकाऱ्यांनी वजन कमी व्हावं म्हणून लाकडं कापली. न कापलेली असती तर जमवणाऱ्या लोकांनी चांगले पैसे दिले असते. “आता? पार्ट्ससाठी शंभर. तुम्ही चांगली माणसं दिसता, दीडशे.”

गाडीत बसल्यावर प्रतापराव म्हणाले, “त्याला काय कळतंय! तो विकणारा माणूस. वाचणारा माणूस वेगळा.” आणि आरशातून माझ्याकडे पाहून हसले.

मी वाचायला लागलो. लायब्ररीतल्या बाईंनी दुसऱ्या शाखेतून दोन जाडजूड पुस्तकं मागवून दिली. ती माझ्या मांडीवर पाहून सूनबाई दचकली, “बाबा, आर यू ओके?” म्हणाली. मी म्हटलं, प्रतापरावांसाठी वाचतोय. ती म्हणाली, हे जास्त वरीइंग आहे.

दुसऱ्या पुस्तकात, अगदी शेवटी, ती सापडली. फोटोच होता. काळा रंग, गुळगुळीत नळी, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा. जुन्या लष्करी रायफली ईशापूरच्या कारखान्यातच घेऊन त्यांच्या नळ्या आतून कोरून मोठ्या आणि गुळगुळीत करायचे. त्यात लष्कराची गोळी चालत नसे; एक हलकं काडतूस लागे, जवळच्या जवळ मारा करणारं. अशा बंदुका पोलीस, पहारेकरी आणि तुरुंगाचे शिपाई यांना द्यायचे. ठोकळा एवढ्यासाठी की एका वेळी एकच बार उडावा. उद्या हा शिपाईच उलटला आणि लष्कराचा दारूगोळा त्याच्या हाती लागला, तरी या बंदुकीला त्याचा उपयोग होऊ नये, असा हिशेब.

म्हणजे इटली नाही. पलटण नाही. समोर निःशस्त्र माणसं आहेत असं धरून मुद्दाम दुबळी केलेली बंदूक.

मी ते पान तीनदा वाचलं. मग मला वाटलं की आपलं इंग्रजी कमी पडत असेल. शब्दकोश घेऊन परत वाचलं. तेच निघालं. नंतर शंका आली की पुस्तकाचा लेखकच चुकला असेल. पण त्यालाही चुकायला काही कारण दिसेना. पुढचे काही दिवस मी स्वतःशी बोलत राहिलो. सांगितलं नाही तर काय होईल? प्रतापराव पूजा करतील, लोक फोटो काढतील, साबुदाणा वडे खातील. कोणाचंही नुकसान नाही. सांगितलं तर? ज्या माणसाने माझ्या शब्दावर तीस लोक बोलावलेत, त्याच्या बापाच्या हातातून मी रायफल काढून घेणार. आणि मग कोणत्या शनिवारी तो माझ्या बिल्डिंगखाली येईल?

पण त्यांनी विचारलं होतं.

शनिवारी कॉफी समोर आल्यावर मी सांगितलं. इतकं चाचरत सांगितलं की त्यांना आधी वाटलं मी पैसे उसने मागतोय.

“म्हणजे... पोलिसांची?” ते म्हणाले.

“किंवा तुरुंगाच्या पहारेकऱ्यांची. पुस्तकात दोन्ही दिलंय.”

“तुम्हाला नक्की वाटतं?”

“मला कधीच नक्की वाटत नाही, प्रतापराव. पण फोटोतली आणि आपली, दोन्ही सारख्या आहेत.”

ते बराच वेळ कपावरचं झाकण दाबत बसले. मग म्हणाले, “चला, सोडतो तुम्हाला.” परतीच्या रस्त्यावर एकही प्रश्न आला नाही. एका सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावरही ते थांबून राहिले आणि मागच्याने हॉर्न मारला.

पुढच्या शनिवारी मी कोट घालून खिडकीशी बसलो. खाली गाड्या येत होत्या, जात होत्या. परीक्षित म्हणाला, “बाबा, मी सोडू का लायब्ररीत?” मी म्हटलं, नको, पुस्तकांची मुदत आहे अजून. सूनबाईने न विचारता चहा करून दिला, म्हणजे तिला कळलं होतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी अरुणावहिनींचा फोन आला. “भाऊजी, रविवारी यायचंय हं. खंडेनवमी रविवारीच आलीय या वेळी, बरं झालं, कोणाला सुट्टी नको. अहो, तुम्ही असे गप्प का? हे म्हणतात, शरदराव आले नाहीत तर कार्यक्रमच नाही.”

शनिवारी गाडीही नेहमीसारखी खाली लागली; रायफलचा विषय कोणीच काढला नाही. मला इतका आनंद झाला की मी पूजेला अर्धा तास लवकर पोचलो, आणि लवकर आलो म्हणून पार्किंगमध्ये उभा राहिलो.

दिवाणखान्यात चौरंग मांडला होता. त्यावर लाल कापड, आणि त्यावर रायफल, झेंडूच्या माळेसकट. कायद्याप्रमाणे चापाला कुलूप घातलेलं होतं. माळ त्या कुलपाला अडकवली होती. पण मी थबकलो ते वेगळ्याच कारणाने. ही ती रायफलच नव्हती. काळा रंग गेला होता. लोखंड नव्या पातेल्यासारखं लखलखत होतं. मागची पितळी पट्टी तर समईच्या तोडीची.

“दोन दिवस घासतेय,” स्वयंपाकघरात वहिनी मला अभिमानाने म्हणाल्या. “पूजेला मांडायची म्हणजे घासून-पुसून नको का? पितळेला चिंच-मीठ, आणि त्या काळ्या रंगाला स्टील वूल. निघता निघेना मेला! हात बघा माझे. लाकडाला खोबरेल लावलंय.”

तेवढ्यात नॉर्बर्ट मागून आला. तो बाहेर रायफल पाहून आला होता आणि त्याचा चेहरा तेराव्याला आल्यासारखा होता.

“वहिनी, काय केलंत हे? दीडशे मिळत होते, आता तो दुकानदार उलटे आपल्याकडे मागेल. जुन्या बंदुकीचा रंग काढतात का कधी?”

“मग काय काळीकुट्ट देवापुढे ठेवायची? तुमच्यात चर्चमधली घंटा पुसत नाहीत?”

“घंटा कोणी विकायला काढत नाही, वहिनी.”

“आम्हीही काढणार नाही. घ्या, वडा घ्या.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “आणि भाऊजी, रंगाखालून आकडे निघाले की. नळीच्या मुळाशी. यांना दाखवले. हे म्हणाले, असू दे, बरं झालं निघाले.”

मी बाहेर आलो. अजून फारसे लोक आले नव्हते. नमस्कार करायच्या निमित्ताने मी चौरंगापाशी वाकलो. रायफलला हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती. दस्त्यावर एक, बोल्टवर एक, नळीच्या टोकाला एक, नाजूक. पण नळीच्या मुळाशी मात्र हळदीचा जाड थर दिला होता, दोन बोटं रुंद, भिंतीची भेग बुजवावी तसा. नखाने मी थोडी हळद सरकवली. बारीक ठसे होते. कारखान्याचं चिन्ह, नव्या काडतुसाचं माप आणि साल. १९५१.

म्हणजे रायफल बेचाळीसची, पण तिची अशी बंदूक केली ती एक्कावन्नमध्ये. तेव्हा इंग्रज जाऊन चार वर्षं झाली होती. पहारेकरी आपले, तुरुंग आपले, आणि समोरची निःशस्त्र माणसंही आपलीच. मी हळद पुन्हा वर ओढली, पण ती पहिल्यासारखी बसेना.

लोक जमले. सगळे मिळून तीसएक. आरती झाली. प्रतापरावांनी फेटा बांधला होता. तो त्यांना शोभत होता. ते बोलायला उभे राहिले आणि मी कोपऱ्यात खुर्चीला पाठ चिकटवून बसलो. मला वाटलं, आता इटली येणार.

“मित्रांनो,” ते म्हणाले, “मी आधी समजत होतो की ही माझ्या वडिलांच्या पलटणीतली रायफल. पण आपले शरदराव! त्यांनी अभ्यास करून मला तोंडावर सांगितलं, प्रतापराव, तुम्ही चुकताय. असा मित्र मिळायला भाग्य लागतं.” लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. मी चपलांकडे पाहत राहिलो. “ही पलटणीची नाही. इंग्रजांनी आपली माणसं दाबायला बनवलेली तुरुंगाची बंदूक आहे ही. माझे थोरले काका, आप्पा, बेचाळीसच्या चळवळीत होते. दीड वर्ष येरवड्यात काढलं त्यांनी. त्यांच्या कोठडीबाहेर जो शिपाई उभा होता, त्याच्या खांद्यावर काय होतं?” त्यांनी चौरंगाकडे हात केला. “ही! हिच्यासमोर आप्पा ताठ उभे राहिले. आणि आज ती आपल्या घरात, आपल्या देवापुढे पडलीय. ही पूजा शस्त्राची नाही, विजयाची आहे!”

टाळ्या. एका काकूंनी डोळे पुसले. मला मान्य करायला हवं की आधीच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट चांगली होती. तिला फक्त बापाऐवजी काका लागले होते, आणि एक साल झाकायला चिमूटभर हळद.

प्रतापरावांची नात ऊर्मी पुढे मांडी घालून बसली होती. सोळा वर्षांची, चौकस. “वेट,” ती म्हणाली, “रायफलवर तर १९४२ आहे. सो व्हेन डिड दे चेंज इट? बिफोर ऑर आफ्टर आप्पा वॉज इन प्रिझन?”

प्रतापराव हसले. “बघा, माझी नात! अगं, हे शरद आजोबांना विचार. ते सांगतील ते खरं.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बोला शरदराव. कधी केला असेल हा बदल?”

मला माझ्या कोटाची बटणं जड वाटायला लागली. साल मला माहीत होतं. ते त्यांनाही माहीत होतं. मला एवढंच दिसत होतं की मागच्या वेळी मी खरं सांगितलं तेव्हा एक शनिवार गेला होता, आणि तोही त्यांनी मोठ्या मनाने परत दिला होता. आता तीस लोकांसमोर, फेटा बांधलेल्या माणसाला, त्याच्याच घरात? त्यांनी स्वतः हळद लावलीय म्हणजे त्यांची इच्छा काय ते स्पष्टच आहे. मित्राची इच्छा एवढी स्पष्ट असताना मी कोण?

“त्रेचाळीस साली,” मी म्हणालो. “त्रेचाळीसच्या पावसाळ्यात. पहिल्या तुकडीतली आहे ही.”

पावसाळा कुठून आला हे मला आजही सांगता येत नाही. आवाज स्वच्छ निघाला, अडखळलो नाही. कोशाच्या कचेरीत अख्ख्या नोकरीत मी इतकं ठाम वाक्य लिहिलं नव्हतं. ऊर्मी “कूल” म्हणाली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. प्रतापरावांनी मान डोलावली, पण ते ‘अस्सं’ म्हणाले नाहीत. ते माझ्या नजरेतून सुटलं असतं तर बरं झालं असतं.

निघताना नॉर्बर्टने मला दाराशी गाठलं. “काय प्रोफेसर, एकदम पावसाळा? तुम्ही तर मला घड्याळ विचारलं तरी दोन वेळा सांगता.”

“तुला आकडे दिसले?”

“मला दिसले, तुम्हाला दिसले. त्या हळदीत तुमचं नख उठलंय, मास्तर. कोणाला नाही दिसले?”

पुढच्या शनिवारी गाडी वेळेवर आली. मी जिना उतरताना जवळजवळ धावलो. प्रतापराव नेहमीसारखे होते. हीटर लावलेला, माझ्यासाठी सीट मागे केलेली. दोन सिग्नल गेल्यावर ते म्हणाले, “तुम्ही साल पाहिलं होतंत ना?”

“हो.”

“पूजेच्या आधी?”

“आधी.”

“मग ते त्रेचाळीस कशाला?”

“मला वाटलं, तुम्हाला तसं हवंय. तुम्ही झाकलं होतंत...”

“मी झाकलं,” ते म्हणाले. रागाने नाही, एखाद्या पुलाचा हिशेब समजावून सांगावा तसं. “घर माझं, पाहुणे माझे, काका माझे. मी फेटा बांधून वाटेल ते बोलेन. मी तसाच आहे, बायकोला पण माहितीय. पण तुम्हाला विचारलं ते कशाला? मला वाटलं, हा माणूस नेहमीसारखा घुटमळेल. म्हणेल, सांगता येत नाही, बघावं लागेल. पोरीला तेवढं बास झालं असतं. ती स्वतः शोधत बसली असती. नाहीतर तुम्ही सरळ एक्कावन्न म्हणाला असतात, मी दोन दिवस फुगलो असतो, मग आलो असतो. आलोच होतो ना?”

“हो.”

“तुम्ही पावसाळा सांगितलात, शरदराव.”

माफी मागावी असं वाटलं. पण मी मित्रासाठी बोललो होतो आणि मित्र शेजारी बसून गाडी चालवत होता. म्हणजे माझं साधलंच होतं. मग माफी कशाची मागायची, ते मला ठरवता येईना.

“जाऊ द्या,” ते म्हणाले आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “पोरीने शाळेत त्यावर प्रोजेक्ट घेतलंय. त्रेचाळीसचंच. आता मी काय सांगणार तिला?”

लायब्ररीत मी पुस्तकं परत केली. कॉफीचे पैसे त्यांनी दिले, मी देतो म्हटलं तर ऐकलं नाही. माझा कप कडक, साखर कमी, त्यांच्या लक्षात होतं. परत येताना आकाशात बदकांची मोठी रांग दक्षिणेकडे निघालेली दिसली, इंग्रजी व्हीच्या आकारात. प्रतापरावांनी मान वाकवून काचेतून वर पाहिलं.

“शरदराव, हे असे तिरक्या रांगेत का उडतात हो...” ते म्हणाले, आणि थांबले. मग पुढे रस्त्याकडे बघत म्हणाले, “असू दे. घरी गेल्यावर नेटवर बघतो.”

मला ते माहीत होतं. पुढच्या पक्ष्याच्या पंखांमुळे हवा वर उचलली जाते आणि मागच्याचे श्रम वाचतात, असं मी वाचलं होतं. दुसरंही एक मत आहे, की त्यामुळे सगळे एकमेकांच्या नजरेत राहतात. मी दोन्ही सांगणार होतो. पण आमची बिल्डिंग आली होती, आणि प्रतापराव “सावकाश उतरा, पुढच्या शनिवारी येतो,” असं म्हणत माझ्या बाजूचं दार आतून उघडून धरत होते.